रेल्वेच्या पोटची विमान कंपनी

कुणाचा मुलगा ‘पायलट’ झाल्याची बातमी पूर्णेत निघाली की ऐकणारा आधी विचारतो, ‘कोणत्या डिव्हिजनला लागला?’ या गावात पायलट म्हणजे लोको पायलट, जुन्या पिढीच्या तोंडी बसलेला इंजिन ड्रायव्हर. नांदेड, परभणी आणि हिंगोलीकडून येणारे रूळ इथं एकत्र येतात. रेल्वे क्वार्टरच्या ओळी, रनिंग रूम, रात्री-अपरात्री कॉल बुक घेऊन दार वाजवणारा कॉलमन आणि ड्युटीवर निघालेल्या ड्रायव्हरची लोखंडी पेटी, हे बघतच या गावाच्या पिढ्या वाढल्या.

दुसऱ्या तऱ्हेचा पायलट पूर्णेपासून तीसेक किलोमीटरवर उतरतो, नांदेडच्या विमानतळावर. त्याच्या शेजारच्या, म्हणजे कॉकपिटमधल्या उजव्या खुर्चीवर बसण्याचं स्वप्न आता मराठवाड्यातली मुलं-मुलीही बघतात. मुलाखतीचं पत्र आलं की ती इंजिनाचे आकडे, हवामानाचे संकेत, नियमांची कलमं रात्र-रात्र जागून घोकतात. आपल्याच भागात या धंद्याचं काय काय झालं, हे मात्र त्यांना कुणी सांगत नाही. ते सांगायला हवं, कारण एकेकाळी या दोन्ही पायलटांचा धनी एकच होता. पूर्णेवरून गाड्या पळवणाऱ्या निजाम स्टेट रेल्वेचा एका विमान कंपनीत मोठा हिस्सा होता. आणि भारतातल्या पहिल्या व्यावसायिक महिला वैमानिकाला आठ ठिकाणचे नकार पचवल्यावर नोकरी मिळाली ती याच कंपनीत.

ही गोष्ट सुरू होते एका हमीपासून. १८८३ मध्ये हैदराबाद संस्थानात जी रेल्वे कंपनी उभी राहिली तिच्या नावातच ‘गॅरंटीड’ हा शब्द होता: निजाम्स गॅरंटीड स्टेट रेल्वे. भांडवल विलायतेतल्या गुंतवणूकदारांचं आणि त्यावरच्या परताव्याची हमी निजामाच्या खजिन्याची. गाडी भरून धावली काय आणि रिकामी धावली काय, गुंतवणूकदाराचं व्याज ठरलेलं. मनमाडपासून सिकंदराबादपर्यंतचा मीटरगेज रस्ता १८९९ ते १९०१ या काळात टप्प्याटप्प्यानं खुला झाला. हैदराबाद-गोदावरी व्हॅली रेल्वे असं त्याचं नाव. औरंगाबाद, जालना, परभणी, पूर्णा, नांदेड ही गावं पहिल्यांदा एका दोरीत ओवली गेली. १९१२ मध्ये पूर्णेहून हिंगोलीला फाटा निघाला आणि पूर्णा जंक्शन झाली. गाव तसं नदीकाठचं. पूर्णा नदी याच तालुक्यात पुढं गोदावरीला मिळते. पण गावाला नशीब दिलं ते रुळांच्या संगमानं.

१९३० मध्ये निजाम सरकारनं ही रेल्वे कंपनीकडून विकत घेतली आणि ‘गॅरंटीड’ शब्द नावातून गळाला. त्यानंतर या रेल्वेनं जे केलं ते त्या काळात हिंदुस्थानात अपूर्व होतं. १९३२ मध्ये तिनं रस्ता वाहतूक विभाग काढून २७ मोटारी रस्त्यावर आणल्या. रेल्वे पोचत नाही तिथं रेल्वेचीच मोटार पोचेल, असा तो हिशेब. त्याच दशकात हैदराबादला बेगमपेठेत एअरो क्लब आणि विमानतळ उभा राहिला. रूळ, रस्ता आणि आकाश हे एकाच खात्याचे तीन कप्पे मानायची दृष्टी त्या प्रशासनात होती. नंतरच्या काळात ती कुठं हरवली, हा प्रश्न मराठवाड्याच्या वाहतुकीचा विचार करणाऱ्याला आजही सतावतो.

पूर्णेच्या लोको शेडमध्ये ड्रायव्हर कसा घडायचा, हे इथं जरा बारकाईनं बघायला हवं. वाफेच्या काळात मुलगा आधी क्लीनर म्हणून लागायचा. हातात सुताचा बोळा, अंगभर तेल आणि काजळी. मग सेकंड फायरमन, मग फर्स्ट फायरमन. फावड्यानं कोळसा कुठं टाकायचा, आगीचा थर कुठं पातळ आणि कुठं जाड ठेवायचा, चढावर येण्याआधी किती वाफ साठवायची, हे तळहाताला घट्टे पडेपर्यंत शिकायचं. त्यानंतर शंटर. यार्डात डबे इकडून तिकडं लावत वर्षं काढायची, मग मालगाडी, मग पॅसेंजर आणि नशिबात असेल तर निवृत्तीच्या आधी मेल. नव्या रस्त्यावर गाडी हातात मिळण्याआधी जाणत्या ड्रायव्हरबरोबर त्या रस्त्यानं जाऊन तो ‘शिकावा’ लागे. कुठं सिग्नल झाडाआड जातो, कुठं उतार फसवा आहे, कुठल्या फाटकावर गुरं असतात. हा शिरस्ता आजही चालू आहे. विमान कंपनीत नव्या को-पायलटला लाइन ट्रेनिंगच्या नावाखाली जे करावं लागतं, ते याच जातीचं शिक्षण.

ही शिडी लांबलचक होती, पण पक्की होती. रेल्वेचे मालक बदलले, निजाम गेला, १९५१ मध्ये मध्य रेल्वे झाली, १९६६ मध्ये दक्षिण मध्य रेल्वे झाली, २००३ मध्ये नांदेड विभाग झाला, मीटरगेज जाऊन ब्रॉडगेज आलं. ड्रायव्हरची पायरी मात्र प्रत्येक बदलात त्याच्यासोबत पुढं गेली. सेवाज्येष्ठतेच्या यादीतला त्याचा क्रमांक पुसला गेला नाही. विमानाच्या धंद्यात मात्र तो वारंवार पुसला गेला.

१९४५ मध्ये डेक्कन एअरवेज स्थापन झाली. मोठा हिस्सा निजाम स्टेट रेल्वेचा, उरलेला टाटांचा, मुक्काम बेगमपेठ. महायुद्ध संपल्यामुळं अमेरिकी डाकोटा विमानं स्वस्तात मिळत होती आणि युद्धात उडवायला शिकलेले वैमानिक कामाच्या शोधात होते. देशभर या जोरावर कंपन्या उगवल्या. त्यांच्यात डेक्कनचं वेगळेपण हे, की तिच्या पाठीशी एक रेल्वे होती. तिच्यापाशी तिकीट विकायची, माल बुक करायची, वेळापत्रक पाळायची अर्ध्या शतकाची सवय होती.

त्या काळच्या वैमानिकाच्या मुलाखतीत बहुतेकदा प्रश्न दोनच असत. किती तास उडवलंय आणि कोणती विमानं उडवलीत? उत्तर लॉगबुकात लिहिलेलं असे. १९४७ मध्ये अलाहाबाद फ्लाइंग क्लबमध्ये शिकून व्यावसायिक परवाना मिळवलेल्या प्रेम माथुर यांच्यापाशी परवाना होता, तासही होते. तरी एकामागून एक आठ खासगी कंपन्यांनी त्यांना परत पाठवलं. कारण एकच, बाई विमान चालवते आहे हे कळलं तर प्रवासी बसणार नाहीत. डेक्कन एअरवेजनं त्यांना घेतलं. को-पायलट म्हणून त्यांनी उड्डाणं केली, लेडी माउंटबॅटन यांच्यासारखे प्रवासी नेले, १९४९ मध्ये राष्ट्रीय विमान शर्यत जिंकली. कॅप्टन होण्यासाठी लागणारे तास पूर्ण झाल्यावर त्यांनी डाव्या खुर्चीची मागणी केली. तिथं मात्र डेक्कनचंही धैर्य संपलं. विमानाची पूर्ण सूत्रं बाईच्या हाती द्यायला कंपनी तयार होईना आणि माथुर यांनी नोकरी सोडली. पुढं घनश्यामदास बिर्ला यांच्या खासगी विमानावर त्या वैमानिक झाल्या.

हा प्रसंग इथं एवढ्यासाठी सांगायचा, की मुलाखतीत निवड होणं आणि धंद्यात वर चढता येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे पहिल्या निवडीपासूनच दिसून आलं. आज मुलाखतीला जाणाऱ्या मुलीनं ‘तुम्ही मला घ्याल का?’ यासोबत ‘तुमच्याकडं कमांड किती वर्षांत आणि कशावर ठरते?’ हेही विचारलं पाहिजे. तो प्रश्न उद्धटपणाचा नाही. माथुर यांनी तो स्वतःच्या नोकरीची किंमत देऊन विचारला होता.

युद्धोत्तर कंपन्यांचं पीक लवकरच करपलं. विमानं जास्त, प्रवासी थोडे, तेल महाग. १९५० मध्ये सरकारनं हवाई वाहतूक चौकशी समिती नेमली. अध्यक्ष होते मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती राजाध्यक्ष, पुढं पहिल्या वृत्तपत्र आयोगाचंही अध्यक्षपद ज्यांच्याकडं आलं ते. देशातल्या प्रवाशांच्या मानानं किती तरी जास्त कंपन्यांना परवाने वाटले गेले, हे समितीनं स्पष्ट नोंदवलं. अखेर १ ऑगस्ट १९५३ रोजी आठ कंपन्या मिळून इंडियन एअरलाइन्स झाली. त्या आठांत डेक्कन एअरवेजही होती. नव्या महामंडळाला वारशात ९९ विमानं मिळाली, त्यांतली ७४ डाकोटा. रेल्वेच्या पोटी जन्मलेल्या कंपनीचं नाव आठ वर्षांत मिटलं. वैमानिकांच्या नोकऱ्या राहिल्या, पण आठ घरच्या माणसांची एकच ज्येष्ठता यादी करायची म्हणजे कुणाला तरी खाली सरकावं लागणारच.

सरकारी काळात मराठवाड्याच्या वाट्याला विमान आलं ते मुख्यतः औरंगाबादला आणि तेही अजिंठा-वेरूळच्या पाहुण्यांसाठी. चिकलठाण्याच्या त्या धावपट्टीवर पुढं भारतीय वैमानिकीच्या दोन महत्त्वाच्या घटना घडल्या, एक अभिमानाची आणि एक दुःखाची.

अभिमानाची आधी, मात्र तिची सुरुवात दुसरीकडं झाली. १९८५ च्या नोव्हेंबरात कॅप्टन सौदामिनी देशमुख यांनी कोलकाता-सिलचर मार्गावर फोकर फ्रेंडशिप विमान नेलं. शेजारी निवेदिता भसीन. कॉकपिटमध्ये दोन्ही खुर्च्यांवर बायका असलेलं इंडियन एअरलाइन्सचं ते पहिलं उड्डाण. माथुर यांना नाकारलेली डावी खुर्ची एका मराठी नावानं भरली होती. त्याच भसीन १ जानेवारी १९९० रोजी मुंबई-औरंगाबाद-उदयपूर या उड्डाणाच्या कमांडर होत्या. वय २६, आणि जेट विमानाची सूत्रं सांभाळणारी त्या वेळची जगातली सर्वांत तरुण महिला कमांडर म्हणून त्यांची नोंद झाली. आज भारतात महिला वैमानिकांचं प्रमाण जगाच्या सरासरीच्या दुपटीहून जास्त आहे.

दुःखाची घटना २६ एप्रिल १९९३ ची. भर दुपार, मराठवाड्यातला एप्रिल. मुंबईला निघालेलं इंडियन एअरलाइन्सचं बोइंग ७३७ धावपट्टी सोडून उठलं ते उशिरा. धावपट्टीच्या टोकापलीकडून बीडचा रस्ता जातो. त्या रस्त्यावर कापसाच्या दाबलेल्या गाठींनी उंच भरलेला ट्रक होता. विमानाचं चाक आणि इंजिन त्या गाठींना धडकलं, पुढं विजेच्या तारा लागल्या आणि विमान शेतात कोसळलं. ११८ पैकी ५५ माणसं गेली. चौकशीत दोन कारणं पुढं आली. वैमानिकांनी विमान उचलायला केलेला उशीर आणि चुकीचं तंत्र, हे एक. उड्डाणाच्या वेळी रस्त्यावरची वाहतूक रोखण्याची व्यवस्था नसणं, हे दुसरं. कापूस, ट्रक, बीडचा रस्ता, एप्रिलचं ऊन. सगळं ओळखीचं, घरचं. मुलाखतीच्या टेबलावर ‘व्ही-वन म्हणजे काय, व्ही-आर म्हणजे काय’ असा प्रश्न येतो तेव्हा अनेक उमेदवार व्याख्या म्हणून मोकळे होतात: थांबायचं ठरवता येण्याचा शेवटचा वेग आणि विमान उचलण्याचा वेग. मराठवाड्यातल्या उमेदवाराला त्या दोन अक्षरांमागं हा रस्ता दिसायला हवा.

आपल्याच भागातल्या हवेवरचा आणखी एक प्रश्न कागदावर सोडवून बघण्यासारखा आहे. नांदेडचा विमानतळ समुद्रसपाटीपासून सुमारे १,२५० फुटांवर. प्रमाण वातावरणात समुद्रसपाटीला १५ अंश तापमान धरतात आणि दर हजार फुटांना दोन अंश उतरवतात. म्हणजे नांदेडला ‘असायला हवं’ ते तापमान साडेबारा अंश. मे महिन्यात दुपारी पारा असतो ४२ वर. फरक साडेएकोणतीस अंशांचा. दर अंशाला १२० फूट या ढोबळ नियमानं गुणलं की ३,५४० फूट येतात. त्यात विमानतळाची उंची मिळवली की झाले ४,७९०. हवेचा दाब प्रमाण मानला तरी त्या दुपारी विमानाला नांदेडची धावपट्टी पावणेपाच हजार फुटांवरच्या डोंगरी पठारासारखी वाटते. हवा विरळ, पंखांना उचल कमी, इंजिनाला दम कमी, धाव लांब. मग कॅप्टन काय करतो? माल उतरवतो, कधी प्रवासी कमी करतो किंवा उड्डाण सकाळच्या गारव्यात ठेवायला सांगतो. वाफेच्या इंजिनाचा ड्रायव्हर चढाआधी जशी वाफ साठवून ठेवायचा, तसाच हा हिशेब. तोंडी परीक्षेत ही आकडेमोड न अडखळता करणाऱ्या उमेदवाराला परीक्षक बहुधा पुढचा प्रश्न आदरानं विचारतात.

आता प्रादेशिक विमान कंपन्यांकडं वळायचं तर पहिलं नाव वायुदूतचं. इंडियन एअरलाइन्स आणि एअर इंडिया यांनी मिळून १९८१ मध्ये ती काढली. आधी ईशान्य भारतासाठी, मग देशभरच्या लहान गावांसाठी. कानपूरला हिंदुस्तान एअरोनॉटिक्सनं बांधलेली १९ आसनी डॉर्निअर विमानं तिच्या ताफ्यात आली. शंभराच्या घरातल्या ठिकाणी पोचलेली ही कंपनी तोट्यात बुडाली आणि १९९३ मध्ये ती इंडियन एअरलाइन्समध्ये विलीन करायचं ठरलं. तिची माणसं दोन सरकारी कंपन्यांत सामावली गेली. चाळीस वर्षांनी तेच पुन्हा घडलं होतं. लहान गावाचं उड्डाण सुरू होतं, तोट्यात जातं, मोठ्या घरात मिसळतं.

नांदेडचा विमानतळ खऱ्या अर्थानं जागा झाला तो गुरुता गद्दीमुळं. १७०८ मध्ये गुरू गोविंदसिंगजींनी नांदेडला गुरू ग्रंथसाहिबांकडं गुरुपद सोपवलं, त्याला २००८ मध्ये ३०० वर्षं झाली. जगभरचे शीख भाविक येणार म्हणून रस्ते, पूल, घाट झाले आणि विमानतळही नव्यानं उभा राहिला. किंगफिशरची विमानं काही काळ तिथं उतरली. २०१२ मध्ये ती कंपनीच जमिनीवर बसली. त्या वेळी मात्र तिला पोटात घ्यायला कुणी इंडियन एअरलाइन्स उरली नव्हती. तिथल्या वैमानिकांची ज्येष्ठता कंपनीबरोबरच संपली.

मग आली उडान योजना. २०१६ मध्ये जाहीर झालेल्या या योजनेची पहिली उड्डाणं २७ एप्रिल २०१७ रोजी पंतप्रधानांनी सिमल्याहून मार्गस्थ केली. त्यांत एक नांदेड-हैदराबादचं होतं. तासाभराच्या प्रवासाला भाडं अडीच हजारांवर बांधलेलं. उरलेली तूट सरकारनं भरून द्यायची आणि त्या मार्गावर तीन वर्षं दुसऱ्या कुणी यायचं नाही. १८८३ च्या ‘गॅरंटीड’ शब्दाचा हा नवा अवतार आहे, हे त्या दिवशी फारसं कुणाच्या लक्षात आलं नसावं. फरक मुदतीचा होता. निजामाच्या हमीवर उभी राहिलेली रेल्वे नंतर निजामानंच विकत घेतली, म्हणून ती टिकली. उडानची हमी तीन वर्षांची.

नांदेडची ती सेवा चालवत होती हैदराबादची ट्रूजेट. २०१५ ला सुरू झालेली, ७० आसनी पंख्याची एटीआर विमानं उडवणारी. बेगमपेठेत डेक्कन एअरवेज निघाल्याला सत्तर वर्षं झाल्यावर हैदराबादच्याच कंपनीनं मराठवाड्याला आकाशातून जोडलं होतं. २०२२ च्या सुरुवातीला ट्रूजेटची उड्डाणं थांबली. तिच्या वैमानिकांपाशी राहिलं ते एटीआरचं टाइप रेटिंग, म्हणजे त्या जातीचं विमान उडवायची परवानगी, आणि लॉगबुकातले तास. त्या दोन गोष्टींना बाजारात किंमत होती, कारण इंडिगोनं २०१७ च्या अखेरीस एटीआर उडवायला घेतली होती, अलायन्स एअरकडंही हीच विमानं होती, आणि २०२४ च्या मार्चमध्ये गोव्याहून सुरू झालेली फ्लाय ९१ याच एटीआरनं सिंधुदुर्ग, जळगाव, सोलापूर अशी मराठी मुलखातली गावं जोडू लागली. नांदेडला २०२४ च्या ३१ मार्चपासून स्टार एअर उतरू लागली. ही कोल्हापूरच्या घोडावत समूहाची कंपनी, तिची ७६ आसनी एम्ब्रेअर जेट विमानं. एटीआर येणाऱ्याला एम्ब्रेअर आपोआप येत नाही. त्यासाठी नवं रेटिंग घ्यावं लागतं आणि ते लाखांत जातं.

म्हणून भवितव्याचा विचार करताना कंपनीच्या विमानांची संख्या बघणं पुरेसं नाही. मार्गाचा खर्च कोण उचलतंय आणि किती वर्षं उचलणार आहे, हे आधी बघावं लागतं. डेक्कनच्या पाठीशी रेल्वे होती, वायुदूतच्या पाठीशी सरकार, ट्रूजेटच्या पाठीशी तीन वर्षांची भरपाई. मुलाखतीत ‘आमच्याच कंपनीत का?’ असा प्रश्न हमखास येतो. ‘मला लहानपणापासून विमानांची आवड आहे’ या उत्तरानं परीक्षक थकलेले असतात. कंपनीचे कोणते मार्ग उडानमध्ये आहेत, कोणते स्वतःच्या प्रवाशांवर चालतात, ताफ्यात एकच प्रकारचं विमान आहे की दोन, हे अभ्यासून आलेला उमेदवार वेगळा उठून दिसतो. त्याहून महत्त्वाचं, त्याला स्वतःलाही कळतं की आपण कशावर सही करतो आहोत. सही केल्यावर सुटणंही सोपं नसतं. २०१७ च्या नियमानं को-पायलटला राजीनाम्यानंतर सहा महिने आणि कमांडरला वर्षभर नोटीस द्यावी लागते.

पूर्णेतल्या घरात हा विचार आणखी एका तुलनेनं होतो आणि ती तुलना टाळू नये. असिस्टंट लोको पायलटच्या भरतीला आयटीआय किंवा डिप्लोमा लागतो, फॉर्मची फी शे-पाचशेत भागते. संगणकावरच्या दोन परीक्षा, मग ॲप्टिट्यूड चाचणी, जिला गावात अजून ‘सायको’च म्हणतात. तिच्या प्रत्येक भागात किमान ४२ गुण हवेत. शेवटी डोळ्यांची ए-वन तपासणी, चष्म्याशिवाय. विमानाच्या वाटेवर बारावीला भौतिकशास्त्र आणि गणित, क्लास वन वैद्यकीय, नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचे (डीजीसीए) पेपर, रेडिओचा परवाना आणि २०० तासांचं उड्डाण. हे शिक्षण गोंदियाच्या बिरसीत मिळतं, बारामतीत मिळतं, शिरपूरला मिळतं. खर्च मात्र अर्ध्या कोटीच्या पुढं जातो आणि टाइप रेटिंग त्याहून वेगळं. त्यानंतर कंपनीची लेखी परीक्षा, संगणकावरची सायकोमेट्रिक चाचणी, सिम्युलेटर, गटचर्चा आणि मुलाखत. हात, डोळे आणि डोकं एकाच वेळी किती शांतपणे चालतात, हेच दोन्हीकडच्या चाचण्या तपासतात. शेत विकून किंवा घर गहाण ठेवून परवाना काढलेला मुलगा मुलाखतीच्या खुर्चीत बसतो तेव्हा त्याच्या छातीवर त्या कर्जाचं ओझं असतं, आणि सिम्युलेटरमध्ये हात थरथरण्याचं कारण कधी कधी तेच असतं. आईबापांनी हे आधी समजून घ्यायला हवं.

थकव्याविरुद्धच्या लढ्यात रेल्वेचा ड्रायव्हर वैमानिकाच्या पुष्कळ पुढं होता. वाफेच्या काळात सलग चौदा-सोळा तास फुटप्लेटवर उभं राहावं लागे. १९७३ मध्ये लोको रनिंग स्टाफनं देशभर संप करून दहा तासांच्या ड्युटीचं आश्वासन मिळवलं. पुढच्याच वर्षीच्या मोठ्या रेल्वे संपाची ती नांदी होती. वैमानिकांच्या आठवड्याच्या विश्रांतीचे तास ३६ वरून ४८ करणारा नियम २०२५ मध्ये लागू झाला, म्हणजे अर्ध्या शतकानंतर. प्रादेशिक वैमानिक दिवसात चार-चार, पाच-पाच वेळा विमान उतरवतो, बऱ्याचदा लहान धावपट्टीवर. त्याचा थकवा लांबच्या उड्डाणापेक्षा वेगळा असतो. मुलाखतीला जाताना कंपनीचं रोस्टर कसं असतं, हे तिथल्या माणसांना आधी विचारून ठेवलेलं बरं.

मग प्रादेशिक कंपनीत जावंच कशाला? त्याचं उत्तर लॉगबुकात आहे. एअरलाइन ट्रान्सपोर्ट परवान्याला १,५०० तास लागतात आणि लहान मार्गांवर उतरण्या-उडण्याचा सराव मोठ्या जेटपेक्षा जास्त होतो. सिंधुदुर्गचा पाऊस, जळगावचा उन्हाळा, नांदेडचा दुपारचा झळा मारणारा वारा, यांत शंभरदा विमान उतरवलेला हात वेगळाच तयार होतो. पूर्णेच्या यार्डात शंटिंग केलेला ड्रायव्हर पुढं मेलवर जसा ठाम बसायचा, तसाच.

नांदेडहून अमृतसरला जाणारी सचखंड एक्स्प्रेस पूर्णेवरून जाते. डब्यांत नांदेडच्या हजूर साहिब गुरुद्वाऱ्याचं दर्शन घेऊन परतणारे पंजाबातले भाविक, कडेवर मुलं, पिशवीत प्रसाद. त्याच भाविकांतले काही आता विमानानं येतात. २०१७ च्या डिसेंबरात एअर इंडियानं नांदेड-अमृतसर सेवा सुरू केली होती, आणि स्टार एअरनं नांदेडला पाऊल ठेवलं तेच दिल्लीजवळच्या हिंडनमार्गे जालंधरजवळच्या आदमपूरला जोडून. खाली पूर्णेच्या फलाटावरून लोको पायलट गाडी हलवतो, वर तसाच प्रवासी दोनेक तासांत दिल्ली गाठतो. मुलाखतीत नांदेडचा मार्ग का चालेल असं विचारलं, तर सांगता येण्याजोगं बरंच काही या फलाटावर उभं असतं.